लीलाताईंची सही

लीलाताईंनी पेनाचं टोपण काढलं, सह्यांच्या पॅडवरची पानं उलटत रिकामी ओळ शोधायला लागल्या, आणि मधल्याच एका पानावर त्यांना कळलं की आपण सही कधीच करून बसलो आहोत. लीला पुरुषोत्तम नाडकर्णी. पुढे पापाटोएटोचा, मुलाच्या परदेशातल्या घराचा पत्ता, त्यापुढे सही. सही इतकी हुबेहूब होती की क्षणभर त्या आठवायलाच लागल्या, कधी केली बाई आपण ही? परवा, भाजी निवडताना ह्यांनी पॅड पुढे केलं होतं का? मग त्यांनी चष्मा नीट केला. शेवटच्या अक्षराखालचा फराटा एका दमात सरळ गेला होता. गेली दोनेक वर्षं लीलाताईंचं अंगठ्याचं पेर दुखतं, तो फराटा त्यांच्या हातून मधेच तुटतो. म्हणजे सही ह्यांची. सही आपली, पण केली ह्यांनी. शनिवारची सकाळ होती, समोरून माणसं पिशव्या घेऊन जात होती, मागच्या वाण्याच्या दुकानातून हिंगाचा वास येत होता, घडीच्या टेबलावर त्यांनीच घरून आणलेला चहाचा थर्मास उभा होता, आणि लीलाताईंना वाटलं, आपण इथे नाही आहोत. आपलं काम कुणीतरी उरकून टाकलंय आणि आपल्याला सांगायचं राहून गेलंय. टेबलापलीकडून नोएलीनने विचारलं, काय गं, सगळं ठीक ना. लीलाताई म्हणाल्या, आय अ‍ॅम रीडिंग. ते काही खोटं नव्हतं.

नोएलीन म्हणजे शेजारीण. कुंपणापलीकडची, सत्तरी ओलांडलेली, उन्हात रापलेली, वर्षाचे बारा महिने पायांत जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. येणाऱ्या-जाणाऱ्याला 'किआ ओरा' असा इथला नमस्कार घालून ती अशी अडवते की माणसाला वाटावं, आपलं हिच्याकडे काही काम होतं आणि आपणच विसरलो. पिंजऱ्यात कोंबड्या कोंबून अंडी काढणं कायद्याने बंद करावं का, हा प्रश्न अख्ख्या देशाला विचारला जावा म्हणून ती आणि तिच्यासारखे पुष्कळ जण सह्या गोळा करत होते. ह्या देशात तशी सोय आहे. दर दहा मतदारांमागे एकाची सही वर्षाच्या आत जमली, की सरकारला तो प्रश्न लोकांपुढे ठेवावाच लागतो, निवडणुकीसारखं मतदान घ्यावं लागतं. पुरुषोत्तमरावांनी हे जेवताना समजावून सांगितलं तेव्हा लीलाताईंनी विचारलं होतं, आणि लोक हो म्हणाले, तर सरकारला ऐकावं लागतं? तसं बंधन नाही, पुरुषोत्तमराव म्हणाले, पण विचारावं तर लागतं. म्हणजे आपल्या घरापेक्षा एक पायरी वर, असं लीलाताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. सूनबाई सुरुची ताटावर होती, म्हणून त्यांनी आमटी वाढली.

नोएलीन ह्या सह्यांच्या बाबतीत फार कडक. ज्याची त्याने करायची, नवऱ्याने बायकोची नाही, आईने पोराची नाही. सह्या वर गेल्या की त्यातल्या थोड्या नमुन्याला काढून मतदारयादीशी ताडून बघतात, आणि त्यात एक खोटी निघाली तर तिच्यापायी खऱ्या असलेल्या कितीतरी बाद धरतात. मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलाने खोलीवरच्या मित्रांची नावं आपणच भरून आणली होती. नोएलीनने त्याला बिस्किट दिलं, पाठीवर थोपटलं, आणि पॅड काढून घेऊन घरी पाठवलं. हे पुरुषोत्तमरावांनीच घरी येऊन सांगितलं होतं, तेही मान हलवत, आजकालच्या पोरांना काही गांभीर्यच नाही म्हणून. आता हे आठवून लीलाताईंना हसू फुटलं आणि त्याच हसण्यात राग चढला. पुरुषोत्तमराव त्या वेळी समोरच्या मिठाईच्या दुकानात आतल्या कामगारांना सहीसाठी गोळा करायला गेले होते. आता येतील, हात हलवत, पुढाऱ्यासारखे.

बरं, ह्यात त्यांचा लबाडीचा हेतू असेल का? छे. हेतू वगैरे असायला मुळात आपण काही करतोय हे कळावं लागतं. लग्न झालं तेव्हा ताम्हनातल्या तांदळांत ह्यांनी अंगठीने लीला हे नाव लिहिलं, तोवर त्या कांचन होत्या. नाव त्यांना आवडलं होतं, अगदी मनापासून. कांचन म्हटलं की माहेरची सगळी कामं आठवायची, आणि लीला नुसतंच ऐकायला गोड. मग एका दुपारी पुण्याच्या भाड्याच्या खोलीत ह्यांनी त्यांना सही शिकवली. बँकेत खातं उघडायचं होतं. ल असा वळवायचा, खाली एक फराटा मारायचा, म्हणजे कुणाला नक्कल करता यायची नाही. वहीची पानंच्या पानं भरली. ह्यांचा हात त्यांच्या हातावर होता, बाहेर कुणीतरी चिंच फोडत होतं, आणि लीलाताईंना सही लवकर येऊ नये असं वाटत होतं. पुढे तीच सही पुरुषोत्तमराव स्वतः करायला लागले. वीज मंडळातून घरी येताना बँक लागायची, मग कशाला उगाच तुला हेलपाटा. मुलाच्या, शिरीषच्या प्रगतिपुस्तकावर, गॅसच्या कागदांवर, सोसायटीच्या ठरावांवर. लीलाताई कधी पोळ्या करत असायच्या, कधी शिरीषचा ताप बघत असायच्या, कधी सासऱ्यांचे पाय चेपत असायच्या. नेहमीच कशात तरी असायच्या. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटायचं. एक काम कमी. ज्याला जे आवडतं ते त्याने करावं, असं म्हणून त्यांनी किती गोष्टी सोडून दिल्या, त्याचा हिशेब त्यांनी मांडला नाही.

पण ही सही त्या कागदांसारखी नव्हती. का नव्हती, हे त्यांना पटकन सांगता आलं नसतं. पॅडवरचा वरचा मजकूर त्यांनी पुन्हा वाचला, बोट ठेवून, शाळेतल्यासारखा. कोंबड्यांना पिंजऱ्यात ठेवू नये, असं खाली सही करणारा म्हणत नव्हता. हा प्रश्न लोकांना विचारा, एवढंच तो म्हणत होता. सगळा खटाटोप माणसांना विचारण्यासाठीच चाललेला, उन्हातान्हात, वाऱ्यात, टेबल मांडून. आणि ह्या माणसाने पापाटोएटोतल्या वाण्याला विचारलं, सँडरिंगहॅमच्या हॉटेलवाल्याला विचारलं, मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला उभ्या असलेल्या माणसांना विचारलं, बसच्या ड्रायव्हरला विचारलं. एकाच गादीवर शेजारी झोपणाऱ्या बाईला तेवढं विचारलं नाही.

राग धरून ठेवावा तर तोही धड धरता येईना. कारण इथे आल्यावर पहिलं वर्षभर ह्या माणसाचं काय झालं होतं ते लीलाताईंनी पाहिलं होतं. शिरीषने हौसेने बोलावलं, कागदपत्रं केली, कायमचं राहायची परवानगी मिळाली, पुढे मतदारयादीत नावंही लागली. मुलगा-सून आपापल्या ऑफिसला, नात श्रिया शाळेत. पुरुषोत्तमराव हीटरजवळ हात मागे बांधून उभे. टपालाची पेटी बघायला बाहेर, परत आत. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला निघाले तर पैसे देताना काय बोलायचं ते वाटेत पुटपुटत जायचे. युनियनच्या सभेत माईकशिवाय बोलणारा माणूस. त्याचा आवाज इथे इतका खाली गेला की जेवताना मीठ मागितलेलं ऐकू येईना. श्रियाला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते, आणि तिचं इंग्रजी ह्यांना कळत नाही. मग हे नुसते हसायचे. त्या हसण्याचं लीलाताईंना फार वाईट वाटायचं. रात्री कूस बदलताना एकदा म्हणाले होते, लीला, इथे मला कुणी काही विचारत नाही गं. लीलाताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला होता. मलाही कुठे विचारतात, हे तेव्हा त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मग एक दिवस कुंपणाखालून एक कोंबडी त्यांच्या मेथीच्या वाफ्यात आली. नोएलीनने कुठल्याशा पोल्ट्रीतून टाकून दिलेल्या चार-दोन आणल्या होत्या, त्यांतली. मानेवर पीस नाही, पाठ उघडी, चोचीचं टोक कापलेलं, आणि जमिनीवर पाय कसा टाकायचा ते तिला माहीत नव्हतं. पाऊल उचलून अधांतरी धरायची आणि विचारात पडल्यासारखी उभी राहायची. कळत्या वयापासून अंड्याला हात न लावलेले पुरुषोत्तमराव आपला जुना स्वेटर घेऊन धावले. लीलाताई खिडकीतून बघत होत्या. ह्यांना कोंबडी धरता येईना, कोंबडीला पळता येईना. शेवटी दोघं वाफ्यात बसली. नोएलीन कुंपणाशी आली, आणि पुरुषोत्तमरावांनी इथे आल्यापासून पहिल्यांदा परक्या माणसाला आपणहून प्रश्न विचारला, हिला असं कुणी केलं. त्या दिवसापासून आवाज परतला. ह्या कागदाच्या पानाएवढी जागा असते एकीला, असं ते पॅडवर हात ठेवून लोकांना सांगायला लागले. मंडळात कुणी म्हणालं, काका, आम्ही अंडी खातच नाही, आमचा काय संबंध, तर म्हणायचे, तुम्ही खात नाही म्हणूनच तुम्हाला बोलायला मोकळीक, खाणाऱ्याला आधी लाजावं लागतं. टाळी मिळायची. लीलाताईंना त्या टाळीचा अभिमान वाटायचा. आपला माणूस पुन्हा आपला झाला, असं वाटायचं.

आणि खाणाऱ्याला लाजावं लागतं, हे ऐकताना त्या मान खाली घालायच्या. कारण दर बुधवारी, पुरुषोत्तमराव लायब्ररीत गेले की लीलाताई नोएलीनच्या स्वयंपाकघरात बसून एक उकडलेलं अंडं खात होत्या. मीठ आणि मिरपूड घालून, छोट्या चमच्याने, सावकाश. वेंगुर्ल्याचं माहेर त्यांचं. मागच्या दारी खुराडं, आईच्या कोंबड्या. डालगं उचललं की आधी मानाची पांढरी बाहेर पडायची, मग बाकीच्या. दुपारी चिकूखाली मातीत अंग घुसळायच्या, डोळे अर्धे मिटून. खुडूक बसलेलीच्या पोटाखाली हात घालून अंडं काढायचं तर ती टोचायची, आणि आई सांगायची, टोचू दे, तिचं आहे ते. मग लग्न. नाडकर्णीही तसे मासे खाणारेच, पण सासऱ्यांनी अनुग्रह घेतल्यापासून घरात सगळं बंद झालेलं. लीलाताईंनीही बंद केलं. सोड असं कुणी म्हटलं नाही, सोडशील का असंही कुणी म्हटलं नाही. ह्या वयात नोएलीनने पहिल्यांदा विचारलं, खातेस का, माझ्या कोंबड्यांचं आहे. हो म्हणायला लीलाताईंना किती वेळ लागला होता. तो शब्दच तयार नव्हता. घरातल्या सगळ्यांत ह्या प्रश्नाशी कुणाचा खरा संबंध असेल तर तो आपला, हे त्यांना आत्ता, पॅड हातात धरून कळत होतं. आपण कोंबड्या पाळल्या, त्यांची अंडी खाल्ली, सणाला त्यांतली एखादी कापली गेली तेव्हा रडलो आणि नंतर जेवलो. आपल्याला किती काही म्हणायचं असेल. आणि तिथे फराटा मारून ठेवलेला.

गप्प बसता आलं असतं. नमुन्याला हीच सही निघेल असं थोडंच आहे. निघाली तरी कुणाला कळणार. आणि बोललो तर नोएलीन ह्यांना बिस्किट देईल, पाठीवर थोपटेल, आणि ह्यांचे हात पुन्हा मागे बांधले जातील. लीलाताईंना ते हीटरजवळचे हात दिसले. इतकी वर्षं गप्प बसलो त्यात आणखी एक. पण मेथीच्या वाफ्यातली ती कोंबडी डोळ्यांपुढून हटेना, आणि आपलं पाऊल आपण असंच अधांतरी धरून उभ्या आहोत असं त्यांना वाटत राहिलं. पुरुषोत्तमराव रस्ता ओलांडून आले. मागे मिठाईवाल्याचे दोन कामगार, हाताला तूप. त्यांच्या सह्या झाल्या, ते गेले. पुरुषोत्तमरावांनी खुशीत चहा ओतून घेतला. लीलाताईंनी पॅड त्यांच्यापुढे धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"ही कुणी केली?"

"मीच," ते सहज म्हणाले. "तू आत कुकर लावत होतीस."

"मी नेहमी कशात तरी असते."

"अगं, तुझं होच असणार ना? मला माहीत नाही का?"

"असेल हो. पण विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. निदान दोन दिवस. तुम्हाला माझी समजूत घालावी लागली असती. तेवढं तरी माझ्या वाट्याला आलं असतं."

पुरुषोत्तमरावांनी कप खाली ठेवला. थट्टा आहे का ते त्यांनी बायकोच्या चेहऱ्यावर शोधलं. लीलाताई म्हणाल्या, आता ऐकलंच आहे तर हेही ऐका, मी बुधवारी नोएलीनकडे अंडं खाते. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हीही मला विचारत नाही आणि मग मीही तुम्हाला विचारत नाही, अशी सवय लागली आपल्याला. त्यांना रडायचं नव्हतं, पण पुरुषोत्तमरावांचा चेहरा असा झाला होता की त्यांना त्यांची दया आली आणि स्वतःचीही. अंड्याचं तसंच राहू देऊन ते पॅडकडे बघत राहिले. वाचत होते. वरचा मजकूर, ज्याचे ते शेकडो लोकांना अर्थ सांगत आले होते, तो ते ओठ हलवत सावकाश वाचत होते. मग त्यांनी नोएलीनला हाक मारली आणि ऑफिसातल्या जुन्या, ताठ इंग्रजीत सांगितलं, मॅडम, ही सही माझ्या पत्नीची नाही, मी केली आहे, चूक माझी आहे.

नोएलीनने पेन घेऊन त्या ओळीवर रेघ मारली आणि बाजूला आपली आद्याक्षरं लिहिली. तू माझा सगळ्यांत चांगला माणूस आहेस, ती पुरुषोत्तमरावांना म्हणाली, पण मी त्या पोराला घरी पाठवलंय, तुला पॅड देता येणार नाही. पुरुषोत्तमरावांनी मान हलवली. बरोबर आहे म्हणाले. खिशाचं पेनसुद्धा काढून टेबलावर ठेवलं, आणि मग त्यांचे हात आपसूक मागे गेले. लीलाताईंना हे होणार हे माहीत होतं, तरी ते बघवेना. खरं बोलायला लावलं ते योग्यच केलं, आणि ह्या माणसाला असं उभं ठेवणं त्यांना मुळीच मंजूर नव्हतं. दोन्ही एकदम. त्या नोएलीनकडे वळल्या आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, पॅड मी धरते. बोलतील हे. पेन सही करणाऱ्याच्याच हातात जाईल, ते मी बघते. नोएलीनने एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. स्वीट अ‍ॅज, म्हणजे चालेल, असं ती म्हणाली, आणि पॅड लीलाताईंच्या हातात दिलं. तू करणार आहेस का आता सही, तिने विचारलं. लीलाताई म्हणाल्या, बघते. त्या बघते-मध्ये त्यांना इतकं बरं वाटलं की त्या पुन्हा एकदा म्हणाल्या, बघते.

नोएलीन गाडी दुसरीकडे लावायला गेली. टेबलाशी दोघंच उरली. पुरुषोत्तमरावांनी येणाऱ्या एका-दोघांना अडवलं, पण आवाज निम्म्यावर. पापाकुराकडची गाडी स्टेशनात शिरल्याचा आवाज आला, रस्ता भरेल आता. लीलाताई पॅड छातीशी धरून उभ्या होत्या. ते जड नव्हतं, तरी त्यांना त्याचं वजन कळत होतं.

"लीला," पुरुषोत्तमराव रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तुला काय वाटतं? ह्या कोंबड्यांचं."

तुमचं बरोबरच आहे, हे वाक्य लीलाताईंच्या तोंडात तयार होतं. इतक्या वर्षांचं, घासून गुळगुळीत झालेलं. त्यांनी ते गिळलं. मग आत बघितलं तर तिथे हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. आई होती, चिकूखालची माती होती, कापलेली चोच होती, बुधवारचं मीठ होतं, आणि ते सगळं कुठल्या टोकाने उचलायचं ते त्यांना कळेना. भीतीही वाटली. एवढं मोठं काही आपण आजवर ह्यांच्याशी बोललोच नाही.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पण वेळ लागेल. आणि मधे बोलायचं नाही."

पुरुषोत्तमरावांनी घडीची खुर्ची ओढली, तिच्यावर बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवले. लीलाताई बोलायला लागल्या. आमच्या मागच्या दारी, त्या म्हणाल्या, आणि अडल्या, पुन्हा म्हणाल्या, आमच्या मागच्या दारी. गाडीतून उतरलेली माणसं टेबलापर्यंत येऊन पोचली होती. पिशवी सावरत एका सामोअन बाईने विचारलं, सही इथेच करायची का, आणि पेनाकडे हात केला. एरवी पुरुषोत्तमराव उठून तिला सामोरे गेले असते. त्यांनी बसल्या जागेवरूनच तिला हाताने थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं, थोडं थांबाल का, माझी बायको बोलते आहे.